आईंना सांगायचं राहिलं होतं

होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात ठरलेली कामं सुरू होतात. गोधड्या आणि रजया धुऊन, कडक वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर. कुलर माळ्यावरून खाली, जुनं गवत काढून नवं. माठ घासून, पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून मग वापरायला. मी शिकवते ती शाळा सकाळची होते म्हणून स्वयंपाकाची वेळ बदलायची. मी हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावते आणि झालं की रेघ मारते. यादीत शेवटी लिहिलेलं पण सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे सासूबाईंची खोली.

सासूबाईंचं वर्ष ऋतूंप्रमाणे वाटलेलं होतं. दिवाळी झाली की त्या धाकट्या दिरांकडे जळगाव जामोदला जायच्या, होळी झाली की आमच्याकडे बुलढाण्याला यायच्या. पावसाळ्याचं काही ठरलेलं नसायचं, त्यांच्या मनावर. यात कुणाची टाळाटाळ नव्हती. जळगाव खाली सपाटीवर आहे, तिथला हिवाळा त्यांच्या गुडघ्यांना सोसतो. उन्हाळ्यात मात्र तिथे दुपारी भिंतीला हात लावता येत नाही, आणि आमचं गाव घाटावर, संध्याकाळी वारा सुटतो. ही व्यवस्था माझ्या नवऱ्याने लावली होती आणि सगळ्यांना पटली होती. सासूबाई स्वतः म्हणायच्या, "मी त इंग्रजावानी राह्यते. थंडीत खाली न् उन्हात वर."

या वर्षी होळी आली तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन हिवाळा उलटला होता, आणि सासूबाईंना ते माहीत नव्हतं.

हे असं कसं झालं, असं आता लोक मला विचारतात. ते एकेक पायरी करत झालं. डिसेंबरात सासूबाई जळगावला न्हाणीघरात पडल्या. अकोल्याला नेऊन खुब्याचं ऑपरेशन केलं. त्या दवाखान्यात असतानाच इकडे एका सकाळी माझा नवरा गाडी काढायला अंगणात गेला आणि गाडीशेजारीच खाली बसला. मला वाटलं, चाकात हवा आहे का पाहतोय. दिरांना मी फोन केला तेव्हा ते आईच्या खाटेजवळ उभे होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, जखम ओली आहे, धक्का बसेल असं आत्ता काही सांगू नका. दीर आईला "दुकानाचा माल आला" असं सांगून निघाले, इकडे येऊन सगळं केलं आणि परत गेले.

डॉक्टर फक्त ‘आत्ता’ म्हणाले होते. आम्ही ते ‘जखम भरेपर्यंत’ असं धरलं. मग टाके निघेपर्यंत, मग काठी घेऊन चालेपर्यंत, मग संक्रांत होऊ द्या. माझा नवरा वनखात्यात होता, त्यामुळे गोष्ट रचायला सोपी गेली. त्याची बदली झाली, गडचिरोलीकडे, आत जंगलात, फोनला रेंज नाही. हे दिरांनी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी उचललं. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने मात्र आजीशी बोलणंच बंद केलं. "मला ते जमणार नाही आणि तूही करू नकोस," म्हणाली. मी तिला म्हटलं, थोडे दिवस आहेत. मला खरंच तसं वाटत होतं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दिरांचा फोन आला.

"वयनी, आईनं गाठोडं बांधलं."

"मग?"

"मग काय. सकाळपासून पायरीवर जाऊन बसली. म्हनते होळी झाली, आता मी इथं काऊन? उद्या घिऊन येऊन राह्यलो."

"तुम्ही त्यांना सांगा ना आधी. तिथेच सांगा."

मागून त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी खिळ्यांचा भाव विचारत होतं. मग म्हणाले, "माह्यानं नाई होत. तुमच्याकडं आल्यावर पाहू."

सोमवारची संध्याकाळ मी कामाला लागले. घरात माणूस जिवंत आहे असं दिसायला काय काय लागतं, याची यादी त्याआधी मी कधी केली नव्हती. भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढला. खिळा उघडा दिसायला लागला म्हणून तिथे कॅलेंडर लावलं. दाराशी पुरुषाच्या चपला नव्हत्या, कारण मी सगळ्या देऊन टाकल्या होत्या. मग गच्चीवरचा एक जुना जोड शोधून पुसून ठेवला. दाढीचं सामान नव्हतं, म्हटलं राहू दे, बदलीच्या गावी नेलं असं सांगता येईल. कपड्यांचं तेच. एक स्वेटर तेवढा होता, तो खुंटीला अडकवला. मग गल्लीतल्या घरांमध्ये जाऊन सांगून आले की आई येणार आहेत, बोलताना सांभाळा. सगळ्यांनी मान हलवली. कुणी नको म्हणालं नाही.

मंगळवारी दुपारी गाडी दारात थांबली. दीर एकटेच आधी उतरले, आईला म्हणाले, "फाटक उघडतो, तू बस." फाटकाशी येऊन त्यांनी खिशातून एक प्लॅस्टिकची छोटी डबी काढली. आत एक ग्रॅमचं मंगळसूत्र होतं, बाजारात टांगलेलं असतं तसलं. आणि टिकलीचं पाकीट.

"वयनी, एवढं घालून घ्या. हप्ताभर."

"तुम्ही हे दुकानात जाऊन घेतलंत?"

"तिच्या डोक्यात पहिले तेच येईन. गळ्याकडं पाह्यन."

मी घातलं. गाडीचं दार उघडत होतं, आत सासूबाईंची काठी जमीन शोधत होती, आणि वाद घालायला वेळ नव्हता. टिकली कपाळावर वाकडी बसली हे मला नंतर आरशात दिसलं.

सासूबाई उतरल्या, घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं, एवढी वाळली? नवरा नाई त जेवत नाई का?"

दीर गाडीतली पिशवी काढायला वळले ते बराच वेळ वळलेलेच राहिले. चहा घेऊन लगेच निघाले. जाताना मला हळूच म्हणाले, "आज नका सांगू, प्रवासानं थकली. उद्या-परवा सांगजा तुम्ही. तुम्हाले जमते. शाळेत एवढे पोट्टे सांभाळता."

बुधवारपासून शाळा सकाळची झाली. माझी शाळा देऊळघाटच्या पुढे आहे, उजाडता उजाडता रिक्षा पकडावी लागते. शेजारच्या भाभी माझी शाळा सुटेपर्यंत सासूबाईंजवळ बसायच्या. त्यांचे मियाँ कुलरची कामं करतात, तेच आमच्या कुलरला नवं गवत लावायला आले. दरवर्षी हे काम माझा नवरा स्वतः करायचा, मियाँ फक्त मोटर पाहायचे. मी शाळेतून आले तेव्हा सासूबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि त्यांना सूचना देत होत्या.

"दाबून भर. माहा पोरगा दाबून भरे. पोकळ ठेवलं त नुसती गरम हवा येते."

"हां अम्मा, दाबूनच भरतो."

"तो असता त तुले पैसे द्याची गरज नव्हती. ड्युटी, ड्युटी. त्याले म्हना, माय मेल्यावर त रजा भेटन."

मियाँनी तारेची जाळी वाकवता वाकवता मान आणखी खाली घातली. "साहब को छुट्टी कम मिलती है, अम्मा," म्हणाले. पैसे घेतले नाहीत. मी फाटकापर्यंत मागे गेले, तर म्हणाले, "भाभीजी, जल्दी बता दो. मेरे से नहीं होता."

त्या संध्याकाळी सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण संध्याकाळी सासूबाईंचं रक्तदाबाचं यंत्र नीट आकडा दाखवेना, म्हणून उद्यावर टाकलं. गुरुवारी आकडा बरा होता, पण त्या खुशीत होत्या. खेड्यावरून कुणीतरी नवी चिंच आणून दिली होती. सुपात घेऊन त्या चिंचोके काढत बसल्या. काठी बाजूला, चष्मा नाकावर, आणि तोंड सारखं चालू. बोटं चिकट झाली की पदराला न पुसता वाटीतल्या पाण्यात बुडवायच्या. चिंचेचे त्यांनी दोन भाग केले. मोठा घरासाठी. लहान, पण चांगल्या गराचा, वेगळ्या पिशवीत.

"हे त्याले पार्सल कर. तिकडं जंगलात कोन त्याले सार करून देन."

"करते."

"पत्ता हाये ना तुह्याजवळ?"

मी पत्ता सांगितला. वनपरिक्षेत्र कार्यालय, गाव, तालुका, पिनकोडसुद्धा. कुठेच न अडखळता सांगितला, आणि ते गाव मला दिसायला लागलं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पिशवीला गाठ मारली. ती पिशवी मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेली आणि स्टाफरूमच्या कपाटात ठेवली. आणखी कुठे ठेवणार होते?

शुक्रवारी हवा बदलली. सकाळी निघताना अंगावर शाल लागली आणि परत येताना रिक्षाचा दांडा हाताला भाजला. अंगणातल्या लिंबाची पानं एकदम गळायला लागली. मी झाडून आत येईपर्यंत पुन्हा तेवढीच. सासूबाई दारात बसून म्हणाल्या, "लागला उन्हाळा. बरं झालं मी टायमावर आली." दुपारी कुलर लावला. त्यांनी तोंड कुलरकडे करून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दाबूनच भरलं त्यानं." त्या झोपल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तिथे बसून राहिले. गळ्यातल्या त्या मंगळसूत्राने मानेला बारीक पुरळ उठलं होतं. शाळेत जाताना मी ते पर्समध्ये टाकायची आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरताना घालायची. रिक्षावाला रोजचाच. त्याने कधी काही विचारलं नाही. आरसा मात्र वर फिरवून ठेवायला लागला.

मी व्यवस्थित बाई आहे. नवरा गेल्यावर पेन्शनची कागदपत्रं, बँक, विमा, गाडीची नावबदली, सगळं मी वेळेत केलं. लोक कौतुक करत होते. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं काही केल्या होत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मी भाजीबाजारात गेले होते. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात, फार सज्जन माणूस, रोज संध्याकाळी काठी घेऊन फेरी मारतात. त्यांना मी सोमवारी सांगून ठेवलंच होतं. सासूबाई फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं असणार, "मास्तर, माहा पोरगा कुठी दिसते का तुम्हाले?" एवढंच. गुरुजींना म्हातारीची दया आली. ते म्हणाले, "दिसले की. परवाच बसस्टँडवर भेटले. तब्येत छान आहे. घाईत होते, जालन्याची गाडी पकडत होते."

त्यांना वाटलं, म्हातारीला बरं वाटेल.

मी पिशवी घेऊन आले तेव्हा सासूबाई आत गेल्या होत्या. आमच्या कपाटाची दोन्ही दारं उघडी. त्या पलंगाच्या कडेवर बसलेल्या, काठी दोन्ही हातांनी धरलेली.

"इकडं ये. बस."

मी बसले.

"त्याचे कपडे कुठी हायेत?"

"नेले ना त्यांनी, आई."

"सारे? लग्नातला कोट बी जंगलात नेला?"

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"तुह्या गळ्यातलं जुनं कुठी गेलं? हे त पितळाचं हाये. मान पाह्य कशी झाली. त्यानं इकलं का ते?"

"नाही, आई."

"मंग काऊन नाई घालत? फोन नाई, चिठ्ठी नाई, न् परवा इथं बसस्टँडवर होता. मास्तरनं पाह्यला. गावात येते न् घरी येत नाई. माय आली ते बी पाहाले येत नाई." त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला अजून चिंचेचा वास होता. "दुसरी केली ना त्यानं?"

मला हे कधी सुचलं नसतं. पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर सगळं बरोबर जुळत होतं. आम्ही लपवलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी हुडकून काढली होती आणि जागेवर ठेवली होती, फक्त त्यातून निघालेलं चित्र वेगळं होतं.

"तू एकटी सहन करून राह्यली न् मले सांगतलं नाई. मी काय त्याची बाजू घेतली असती? माह्या पोटचा हाये म्हून?" त्या रडत नव्हत्या. इतक्या रागात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि तो राग माझ्यासाठी होता. "असं करन्यापरीस मेला असता त बरं झालं असतं. खरंच सांगते तुले. मेला असता त मी रडली नसती."

"आई, ते नाहीत," मी म्हटलं.

"नाई म्हनजे?"

"वारले. डिसेंबरात. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. इथे अंगणात."

माझं वाक्य तेवढंच होतं. आठवडाभर मी ते कितीतरी प्रकारे जुळवलं होतं, पाण्याचा पेला जवळ ठेवून, गोळी हाताशी ठेवून, भाभींना बोलावून. ते असं बाहेर पडलं.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मनगट सोडलं नाही. म्हणाल्या, "मास्तरनं परवा पाह्यला."

"नाही पाहिला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले ते."

"अग्नी कोनं देल्ला?"

"भाऊजींनी."

"धाकट्यानं?" त्या आठवत होत्या. ओठ नुसते हलत होते. "तवा त्याचं डोस्कं साफ होतं. दवाखान्यात आला तवा. म्हने तिरुपतीले गेलतो, तुह्यासाठी नवस होता, केस देल्ले. लाडू बी आनला होता."

मला लाडवाचं माहीत नव्हतं.

"म्या तो कपाळाले लावला न् खाल्ला," त्या म्हणाल्या. "साऱ्या वार्डाले वाटला."

रविवारी दीर आले. शनिवारी रात्रीच मी त्यांना फोन केला होता. ते आईच्या पायाशी बसले आणि मोठ्याने रडले. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. मी फोटो परत लावायला घेतला, तर म्हणाल्या, "राहू दे ते." त्या दिरांशी आधी एकच गोष्ट बोलल्या, तीही माझ्याकडे पाहून: "त्याले म्हना, बामनाले विचार, मी सुतक किती दिवस पाळू."

दिरांनी फोन लावला. भटजी म्हणाले, इतके महिने गेल्यावर कळलं तर दिवस धरायचे नसतात. डोक्यावरून अंघोळ केली की झालं.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

"हाव, आई."

"का तूच सांगतलं त्याले असं म्हनाले?"

दिरांनी फोन खिशात ठेवला. मी पाणी काढलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाने आपोआप कोमट झालेलं होतं, या वर्षी पहिल्यांदाच, गिझर लावावा लागला नाही. त्यांना स्टुलावर बसवून मी डोक्यावरून पाणी घातलं. केस अगदी थोडे राहिलेत त्यांचे. घरात पहिला दिवस ते तेरावा आम्ही सगळं रीतसर केलं होतं. माणसं आली, बसली, जेवली, गेली. त्यांच्या वाट्याला या बादल्या आल्या. त्या डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या, पाणी डोळ्यांत जात होतं तरी. मी टॉवेल दिला तेव्हा म्हणाल्या, "म्या बोलली तवा तो होता का गेला होता?"

"आई, ते केव्हाच गेले होते. डिसेंबरात."

"म्या त शनिवारी बोलली."

"हो. त्याच्या कितीतरी आधी."

"माह्या कानावर त बोलल्यावर आलं."

मी त्यांना कोरडं केलं, लुगडं नेसवलं, पलंगावर बसवलं. मग कपाटातून मृत्यूचा दाखला काढला. त्यावर तारीख आहे, शिक्का आहे. त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. तारखेवर माझं बोट ठेवून मी वाचून दाखवलं. त्यांनी तो कागद थोडा वेळ धरला आणि परत दिला.

"तूच वाचून राह्यली न."

दीर म्हणाले, "आई, माह्या लेकराची शपथ."

"तुह्या तिरुपतीची घे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

भाभी आल्या. त्यांनी दोन्ही हात छातीशी धरून अल्लाची कसम घेतली की त्या दिवशी त्या स्वतः अंगणात होत्या, पहिला पेला पाण्याचा त्यांनीच तोंडाला लावला होता. सासूबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "तू बी यांच्यातच होती, माय. बुधवारी माह्याजवळ बसून तूच म्हनली, साहेब दिवाळीले येतीन."

भाभींनी ते म्हटलं होतं. मी ऐकलं नव्हतं, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत.

त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता, आजही नाही. आम्ही त्यांना खोटं सांगितलं हे त्यांनी सोसलं असतं असं मला वाटतं. म्हाताऱ्या माणसांना घरातली माणसं खोटं सांगतात, हे त्यांना माहीत होतं. पण आता त्यांना जे एकच खरं पटायला हवं होतं, की त्यांच्या बोलण्याने काही झालेलं नाही, ते सांगायला गल्लीत एकही माणूस शिल्लक नव्हता. पुण्याहून मुलीने फोन केला. आजीशी खोटं न बोललेली तीच एक. तिने सांगितलं, तारीख सांगितली, रडली. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग तू मले हिवाळाभर एक बी फोन काऊन नाई केला?"

सोमवारी मी रजा टाकली. संध्याकाळी गुरुजी आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. एवढे उंच गृहस्थ, दारात वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "आई, मी चुकलो. मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी उगाच बोललो. ते तर तेव्हाच गेले होते, मी स्वतः स्मशानात होतो."

सासूबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. मला म्हणाल्या, चहा ठेव. मग पदर डोक्यावर नीट घेऊन त्यांच्याकडे वळल्या.

"तुमी मास्तर मानूस," त्या म्हणाल्या. "तुमी काऊन खोटं बोलसान? तुमी जालन्याची गाडी बी सांगतली. घाईत होता म्हने. तब्येत चांगली होती म्हने."

"नाही हो, आई."

"चांगलीच होती. मंग म्या शनिवारी तोंड उघडलं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले. दूध उतू जाऊ नये म्हणून ओट्याजवळ उभी राहिले. चहा घेऊन आले तेव्हा गुरुजी निघून गेले होते, आणि सासूबाई फाटकाकडे तोंड करून मला विचारत होत्या की जालन्याची गाडी बसस्टँडवर किती वाजता येते.